आगगाडीच्या छपराखाली संमेलन

मोठ्या शहराला मोठे संमेलनगृह हवे असते, याविषयी फारसे दुमत नाही. वैद्यांचे, व्यापाऱ्यांचे, यंत्र बनविणाऱ्यांचे मेळावे भरले म्हणजे हजारो पाहुणे येतात आणि उतारगृहवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांच्या हाताला काम मिळते. अडचण असते ती जागेची. गावाबाहेर बांधावे तर पाहुण्यांची गैरसोय. भर वस्तीत बांधावे तर तेथे आधीपासून नांदणाऱ्यांनी जावे कोठे? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते समजून घेण्यासारखे आहे.

या शहराचे जुने सभागृह १९३१ साली स्कूलकिल नदीच्या पश्चिम तीरावर बांधले गेले. अध्यक्षपदाचे उमेदवार निवडणारी राष्ट्रीय पक्षांची अधिवेशने तेथे १९३६, १९४० आणि १९४८ साली भरली. परंतु पुढे प्रदर्शनांचा व्याप वाढला, जुनी वास्तू अपुरी पडू लागली आणि नवे भवन दुकाने, उतारगृहे व रेल्वे यांच्या सान्निध्यात, शहराच्या मध्यभागीच असावे असे ठरले. जुने सभागृह २००५ साली पाडण्यात आले.

मध्यभागी एक रिकामी पण अपूर्व वास्तू उभी होती. ती म्हणजे १८९३ साली सुरू झालेले रीडिंग रेल्वे कंपनीचे स्थानक. त्याच्या फलाटांवरील लोखंडी कमानींचे छप्पर अडीचशे फुटांहून अधिक रुंद, साडेपाचशे फुटांच्या आसपास लांब आणि सुमारे ८८ फूट उंच आहे. मध्ये आधाराला एकही खांब नाही. गाड्यांनी रस्ते अडवू नयेत म्हणून रूळ रस्त्यांच्या वरून, उंचावरून आणलेले होते. या उंचीमागे आणखी एक कथा आहे. स्थानकाच्या जागी पूर्वी शेतकऱ्यांची व खाटकांची मंडई भरत असे. ते विक्रेते हटावयास तयार होईनात. शेवटी कंपनीने त्यांच्याशी समेट केला आणि फलाटांच्या खालीच त्यांना नवी मंडई बांधून दिली. वर गाड्या आणि खाली भाजी, मांस, दूध, लोणी असा हा संसार नव्वद वर्षे चालला.

१९८४ साली शहराच्या पोटातून नवा बोगदा झाला, गाड्या त्यातून धावू लागल्या आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला या स्थानकातून शेवटची गाडी सुटली. मुंबईचे बोरीबंदर आजही स्थानक म्हणूनच नांदते; येथे मात्र वास्तूला नवा उद्योग शोधणे भाग पडले. अटलांटा येथील वास्तुशिल्पी संस्थेने आखलेले पेनसिल्व्हेनिया संमेलनगृह १९९३ साली, म्हणजे स्थानकाच्या शताब्दीच्याच वर्षी, उघडले. जेथे गाड्या उभ्या राहत तेथे आता पाहुणे जमतात. आर्च रस्त्यावरून एक पूल त्या छपराला पलीकडील प्रदर्शनगृहाशी जोडतो.

अशा भवनाची खरी कसोटी त्याच्या दर्शनी भागात नसते. अवजड यंत्रे घेऊन येणारे ट्रक, स्वयंपाकी व नोकर, आणि पाहुणे या तिघांच्या वाटा एकमेकींना छेदता कामा नयेत. शिवाय प्रदर्शनाला विस्तीर्ण, सलग जमीन हवी. एवढी सलग जमीन रस्त्याच्या पातळीवर घेतली तर रस्तेच बंद होतात. येथे प्रदर्शनाची दालने वरच्या मजल्यावर नेली आणि बारावा व तेरावा रस्ता इमारतीच्या खालून जाऊ दिला. रुळांनी शंभर वर्षांपूर्वी जी युक्ती योजली होती, तीच नव्या भवनाच्या उपयोगी पडली. मंडईही डागडुजी होऊन जागच्या जागी राहिली. आज संमेलनाचे पाहुणे तेथेच जेवावयास उतरतात.

परंतु सर्वच शेजाऱ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. जवळच १८७० च्या दशकात रुजलेली चिनी वस्ती आहे. दक्षिणेला मोठी बाजारपेठ, उत्तरेला द्रुतगती मार्ग आणि नैर्ऋत्येला हे संमेलनगृह यांनी तिला असे वेढले की वाढावयास वाव उरला नाही. इमारत कितीही सुबक असली तरी तिची लांबलचक बंद भिंत छोट्या दुकानांच्या रस्त्याला गिऱ्हाईक आणून देत नाही. २०११ साली भवन पश्चिमेस ब्रॉड रस्त्यापर्यंत वाढविले, तेव्हाही काही जुन्या इमारती गेल्या.

मंडई राहिली, कारण १८९३ पूर्वीच तिच्या विक्रेत्यांनी कंपनीला आपले म्हणणे ऐकावयास भाग पाडले होते. आपल्याही शहरांतून अशा भवनांच्या योजना आता वरचेवर निघत आहेत. नकाशावर जी जागा मोकळी दिसते, तेथे कोणाची मंडई भरते, कोणाची चूल पेटते, हे पहिली वीट बसण्यापूर्वीच विचारले पाहिजे. ते विचारले तर वास्तूचा आराखडाही अधिक चांगला होतो, हे त्या जुन्या छपराखालची मंडई पाहून सहज पटते.