खेळाच्या आत : भाग ५
दम खायची जागा

गेल्या भागात कॉर्निफरच्या गुणगुणण्याचा माग काढत आपण त्याच्याकडून नकाशा विकत घेतला. वाट कळली. पण नकाशा खिशात असलेला माणूसही वाटेत मरतोच, आणि ‘हॉलो नाइट’मध्ये तर फार लवकर मरतो. म्हणून या आठवड्याचा विषय : गेलेली हेल्थ भरून कशी काढायची?

जुन्या खेळांत ती सापडायची. १९८६च्या ‘मेट्रॉइड’मध्ये मेलेल्या शत्रूच्या जागी कधीकधी ऊर्जेचा गोळा उरे, तो उचलायचा. त्याच वर्षीच्या ‘कॅसलव्हेनिया’त एखादी भिंत फोडली की आतून चक्क भाजलेलं मांस निघे. भिंतीतलं मांस खाऊन माणूस बरा कसा होतो, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या ‘टीम चेरी’ या अगदी छोट्या चमूनं ‘हॉलो नाइट’ आणला आणि हा खाऊ वाटेवरून उचलून थेट शत्रूच्या अंगात नेऊन ठेवला.

हिशेब साधा आहे. सुरुवातीला तुमच्याकडे पाच मुखवटे असतात. बहुतेक फटक्यांना एक जातो, काही दांडग्यांच्या फटक्याला दोन. मुखवट्यांशेजारी एक गोल भांडं दिसतं. तुमचं हत्यार म्हणजे ‘नेल’, नावाप्रमाणेच एक लांब खिळा. त्याचा वार शत्रूला लागला की भांड्यात ११ ‘सोल’ पडतात. भांडं ९९चं आणि एक मुखवटा परत मिळवायला लागतात ३३. म्हणजे तीन वारांना एक मुखवटा, भरल्या भांड्याचे तीन. हे आकडे पडद्यावर कुठेच लिहिलेले नसतात, पण चार दिवसांत हाताला पाठ होतात. शिवाय मंत्र मारायचा तर तोही याच भांड्यातून, तेवढेच ३३ मोजून. एकाच पाकिटातून औषधही आणायचं आणि दारूगोळाही.

मुखवटा भरायला ‘फोकस’ करावं लागतं : पाय जमिनीवर, बटण दाबून सुमारे सेकंदभर स्तब्ध उभं राहायचं. मध्येच फटका बसला की फोकस मोडला. जिथे सगळं अंगावर धावून येतंय, तिथे एक सेकंद फार मोठा असतो.

नवा खेळाडू इथे हमखास एक चूक करतो. दोन मुखवटे उरले की तो जीव मुठीत धरून पळत सुटतो. मीही पळायचो. शेजारी बसलेला भाचा शेवटी वैतागून म्हणाला, “मामा, पळतोस काय! मार ना त्याला!” पोरगं बरोबर होतं. पळून भांडं भरत नाही. ज्यानं तुमचा जीव नेला, त्याच्याचकडून तो वसूल करायचा. कबड्डी खेळलेल्यांना हे नवं वाटू नये : समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होतो. हातात हात धरून मागच्या रेषेशी उभं राहणाऱ्या संघाचं कुणी उठत नाही.

आता पहिल्याच मोठ्या लढतीत हे बघू. ‘फॉरगॉटन क्रॉसरोड्स’मधला ‘फॉल्स नाइट’ उंच उडी मारतो, गदा आपटतो. पुरेसे वार बसले की तो चिलखतासकट कोसळतो, शिरस्त्राण उघडतं आणि आतून एका अळीचं मऊ डोकं बाहेर येतं. चिलखत त्याचं नाहीच, चोरलेलं आहे! त्या काही क्षणांत तो काहीच करू शकत नाही. उघड्या डोक्यावर वार करायचे, की शेजारी उभं राहून मुखवटे भरायचे? राग म्हणतो, मार. माझा नियम : दोन किंवा कमी मुखवटे उरले असतील तर आधी भरून घ्या. कारण सावध झाल्यावर तो पिसाळून गदा फिरवतो, छतावरून सामान कोसळतं, आणि मग तुम्हाला तो सेकंद कुणी देत नाही.

लढाईबाहेर दम खायच्या जागा दोन. बाकड्यावर बसलं की सगळे मुखवटे भरतात, खेळ सेव्ह होतो, ताईत बदलता येतात. सोल मात्र मिळत नाही. गरम पाण्याच्या झऱ्यात उतरलात तर दोन्ही भरतं. ताईतांपैकी ‘क्विक फोकस’ स्तब्ध राहायचा वेळ कमी करतो, पण ताईत बसवायच्या सुरुवातीच्या तिन्ही खाचा एकटाच खातो. ‘डीप फोकस’ एका वेळी दोन मुखवटे देतो, पण वेळ जास्त घेतो. ‘ग्रबसाँग’ला एकच खाच पुरते आणि फटका बसला की तो थोडे सोल देतो. मार खाणाऱ्यांना, म्हणजे सुरुवातीला आपल्या सगळ्यांनाच, तो बरा. मुखवट्याचे चार तुकडे जमवले की एक मुखवटा कायमचा वाढतो. असे वाढून ते नऊपर्यंत जातात. निळे मुखवटे मिळाले तर उपरी कमाई समजा, फोकस करून ते परत येत नाहीत.

सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या, ‘हॉलो नाइट’चाच पुढचा खेळ असलेल्या ‘सिल्कसाँग’मध्ये नायिका एका दमात तीन मुखवटे भरते, तेही हवेत असताना. ऐकायला चैन वाटते. पण तिथे दोन-दोन मुखवटे नेणारे शत्रू जागोजागी आहेत. दान मोठं, तसा डावही मोठा.

या आठवड्याचा गृहपाठ : एका साध्या शत्रूसमोर उभे राहा आणि त्याला न मारता त्याचे पाच हल्ले फक्त चुकवा. कुठल्या हल्ल्यानंतर तो सेकंदभर थबकतो, ते मोजा. तो सेकंद सापडला की तीन वार करा आणि पुढच्या वेळी त्याच जागी फोकस करून बघा.

जमलं नाही तर मराल. मग तुमची सावली तुमचे सगळे पैसे घेऊन तिथेच थांबेल. तिच्याकडून ते परत कसे आणायचे, ते पुढच्या भागात.