ईव्ही आत्ता घ्यायची की थांबायचं?
गारखेडा परिसरातल्या मित्रांनो, नव्या मॉडेलची वाट कशासाठी बघताय ते आधी ठरवा. नेक्सॉन ईव्ही 2020 मध्ये 30.2 युनिटची बॅटरी घेऊन आली, 2023 मध्ये तिचं रूप पालटलं आणि 2024 मध्ये 45 युनिटच्या बॅटरीचा पर्यायही आला. महिंद्राची बीई ऑगस्ट 2022 मध्ये दाखवली, पण गाड्या दारात यायला मार्च 2025 उजाडला! नव्या दिव्यांसाठी थांबू नका, मोठ्या बॅटरीसाठी मात्र जरूर थांबा. मे महिन्यात एसी लावून पुणे गाठायचं तर कंपनीने सांगितलेल्या रेंजच्या आकड्यावर विसंबू नका.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर बुकिंगआधी तुमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर कशी नेणार, ते इलेक्ट्रिशियनला प्रत्यक्ष दाखवा. 7.2 किलोवॅटच्या चार्जरवर 45 युनिटची बॅटरी साधारण सात तासांत, म्हणजे रात्रीत भरते.