लिलावातील घर आणि गृहकर्जाची मुदत

थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका तारण घरांचा लिलाव करतात, तेव्हा त्याची जाहीर सूचना वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते. अशा घरांची किंमत बाजारभावापेक्षा कमी असू शकते, म्हणून सामान्य कुटुंबांनाही ती आकर्षित करतात. मात्र लिलावात सर्वोच्च बोली लावणाऱ्यास किमतीचा चौथा हिस्सा जवळजवळ तत्काळ व उर्वरित तीन हिस्से पंधरा दिवसांत भरावे लागतात. गृहकर्जाच्या आधारे घर घेणाऱ्यासमोर यातून मोठा पेच उभा राहतो. या पेचाचे स्वरूप समजून घेण्यासाठी लिलावामागील कायदा व त्याचे वेळापत्रक पाहणे आवश्यक आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

पूर्वी तारण मालमत्ता विकून कर्ज वसूल करायचे झाल्यास बँकांना सामान्यतः दिवाणी न्यायालयाकडे किंवा १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावे लागे. ही प्रक्रिया अनेक वर्षे रेंगाळत असे. बँकिंग सुधारणांविषयीची दुसरी नरसिंहम समिती (१९९८) आणि त्यानंतरची अंध्यारुजिना समिती यांच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर २००२ साली 'सरफेसी' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा अस्तित्वात आला. न्यायालयाच्या हस्तक्षेपाशिवाय तारणाची विक्री करण्याचा अधिकार त्यामुळे बँकांना मिळाला. २००४ साली मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. मात्र न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू होतो, हे २०२० साली घटनापीठाने स्पष्ट केले. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

लिलावाचे वेळापत्रक

कर्ज खाते अनुत्पादक ठरल्यावर बँक कलम १३(२) अन्वये कर्जदारास ६० दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत थकबाकी न भरल्यास बँक तारणाचा ताबा घेऊ शकते. त्यानंतर मालमत्तेचे मूल्यांकन करून राखीव किंमत निश्चित केली जाते व विक्रीची सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत दिली जाते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. पहिल्या लिलावाच्या वेळी या सूचनेनंतर किमान ३० दिवस जावे लागतात. तो लिलाव अयशस्वी ठरल्यास पुढील लिलावासाठी किमान १५ दिवसांची सूचना पुरेशी असते.

बोलीत भाग घेण्यासाठी इसारा अनामत रक्कम भरावी लागते. बोली यशस्वी ठरल्यास ही रक्कम धरून एकूण २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढील दिवशी भरणे बंधनकारक आहे. उर्वरित ७५ टक्के रक्कम विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरावयाची असते. बँक व खरेदीदार यांनी लेखी मान्य केल्यास ही मुदत वाढविता येते, परंतु तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. ही मुदतवाढ खरेदीदाराचा हक्क नसून बँकेच्या संमतीवर अवलंबून असलेली सवलत आहे.

कर्ज वेळेत का मिळत नाही?

नेहमीच्या व्यवहारात विक्रेता व खरेदीदार यांच्यात करारनामा होतो. त्या आधारे कर्ज देणारी बँक मालकी हक्काचा शोध, मूल्यांकन व उत्पन्नाची पडताळणी करते आणि मग रक्कम देते. लिलावात असा करारनामा नसतो. मूळ दस्तऐवज विक्री करणाऱ्या बँकेच्या ताब्यात असतात. शिवाय खरेदीदारास मालकी देणारे विक्री प्रमाणपत्र संपूर्ण रक्कम भरल्यानंतरच मिळते. म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेला तारण हाती येण्यापूर्वी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे ती अधिक सावध राहते आणि तपासणीत दिवस निघून जातात.

घराच्या ताब्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सूचनेत 'प्रतीकात्मक ताबा' असे नमूद असल्यास घरात प्रत्यक्षात अन्य कोणी राहत असण्याची शक्यता असते. न्यायाधिकरणात दावा प्रलंबित असल्यास कर्ज मिळणे आणखी कठीण होते. विक्री 'जे आहे जसे आहे' या तत्त्वावर होत असल्याने थकीत मालमत्ता कर, गृहनिर्माण संस्थेची देणी व वीजबिल यांची चौकशी खरेदीदारानेच करावयाची असते. मागील मालकाची वीज थकबाकी संबंधित नियमांत तशी तरतूद असल्यास नव्या मालकाकडून मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

पूर्वतयारीचे तीस दिवस

या सर्व बाबींचा विचार करता कर्जाची तयारी बोलीनंतरच्या पंधरा दिवसांत नव्हे, तर सूचनेनंतरच्या तीस दिवसांत करणे श्रेयस्कर ठरते. उत्पन्नाचे पुरावे व पतमाहिती अहवाल देऊन कर्जाची तत्त्वतः मंजुरी या काळात घेता येते. मात्र अशी मंजुरी व्यक्तीच्या परतफेडक्षमतेपुरती असते. विशिष्ट घराला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून प्राधिकृत अधिकाऱ्याकडून दस्तऐवजांच्या प्रती मागवून कायदेशीर शोध व मूल्यांकनही बोलीपूर्वीच करून घेणे उपयुक्त ठरते. कर्जाची रक्कम थेट विक्री करणाऱ्या बँकेच्या खात्यात जमा व्हावी व विक्री प्रमाणपत्र कर्ज देणाऱ्या बँकेकडे सोपवावे, अशी व्यवस्था दोन्ही बँकांच्या लेखी संमतीने आधीच ठरवता येते. विक्री करणारी बँकच कर्ज देण्यास तयार असेल, तर कागदपत्रांचा प्रवास वाचतो.

रकमेचे गणित उदाहरणाने स्पष्ट होईल. ४० लाख रुपयांची बोली यशस्वी ठरल्यास १० लाख रुपये तत्काळ व ३० लाख रुपये पंधरा दिवसांत भरावे लागतील. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांसाठी ८० टक्क्यांपर्यंत व त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. तथापि लिलावात पहिले २५ टक्के कर्ज वितरणापूर्वीच भरावयाचे असल्याने तेवढी स्वतःची बचत हाताशी असणे अपरिहार्य ठरते. मुद्रांक शुल्क व नोंदणी यांचा खर्च वेगळाच.

मुदत चुकल्यास

उर्वरित रक्कम मुदतीत न भरल्यास भरलेली अनामत जप्त होते व मालमत्तेची पुन्हा विक्री केली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात या नियमाची कठोरता अधोरेखित केली. त्यात १२ कोटी २७ लाख रुपयांची बोली लावणाऱ्या खरेदीदाराने २५ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी ७ लाख रुपये भरले होते. परंतु वाढीव मुदतीतही उर्वरित रक्कम तो भरू शकला नाही. बँकेचे प्रत्यक्ष नुकसान किती झाले याचा विचार न करता संपूर्ण अनामत जप्त करणे न्यायालयाने वैध मानले. अशी जप्ती केवळ अपवादात्मक परिस्थितीतच रद्द होऊ शकते. वरील उदाहरणातील कुटुंबाच्या बाबतीत याचा अर्थ १० लाख रुपयांची बचत गमावणे असा होतो.

व्यापक अर्थ

हा प्रश्न केवळ खरेदीदारापुरता मर्यादित नाही. रोख रक्कम बाळगणारेच बोलीत उतरू शकले, तर स्पर्धा घटते व घर कमी किमतीत विकले जाते. याचा फटका मूळ कर्जदारालाही बसतो. विक्रीतून बँकेचे देणे व खर्च भागल्यावर उरलेली रक्कम कायद्यानुसार संबंधित हक्कदारास परत करावी लागते. उलट रक्कम अपुरी पडल्यास बाकी कर्जाची जबाबदारी कर्जदारावर कायम राहते. म्हणून अधिक बोलीदार हे घर गमावणाऱ्या कुटुंबाच्याही हिताचे असतात.

या दिशेने काही पावले पडली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या लिलाव मालमत्तांची माहिती एकत्र देणारे 'बँकनेट' हे संकेतस्थळ सुरू झाले. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यावर कर्ज फेडून तारण सोडविण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केल्याने खरेदीदाराची अनिश्चितताही कमी झाली. माहितीच्या जोडीला मालकी हक्काचे दस्तऐवज सूचनेबरोबरच पाहावयास मिळाले, तर कर्ज देणाऱ्या बँकांचे काम सुकर होईल. वसुलीची गती व घराची गरज यांचा मेळ त्यातूनच साधता येईल.