मर्यादित पैशांत दूरचित्रवाणी संचाची निवड

दसरा-दिवाळी ओलांडून कापसाच्या गाड्या आदिलाबादच्या बाजार आवाराकडे वळू लागल्या, की आपल्या जिल्ह्यातील घराघरांत वर्षाचा हिशेब उघडला जातो. बियाण्यांचे व खतांचे देणे, मुलांची वह्या-पुस्तके, घराची डागडुजी, आणि एवढे सगळे भागवून काही उरलेच तर एखादी मोठी वस्तू. अलीकडे ती वस्तू बहुधा दूरचित्रवाणी संच असते. गेल्या वर्षी माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, पंधरा हजारांच्या वर आमची ऐपत नाही. कोणता संच घ्यावा?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण या बाबतीत मी स्वतःच एकदा फसले होते. माझी आई कारवारहून माझ्याकडे राहावयास आली, तेव्हा तिला सुखाने पाहता यावे म्हणून एका सणाच्या विक्रीत मी ४३ इंची संच स्वस्तात मिळाला म्हणून आणला. आईने दोन दिवस तो पाहिला आणि आपल्या कोकणीत शांतपणे सांगितले, की माणसे मोठी झाली खरी, पण चेहरे पुसट झाले. पुढे चौदाव्या महिन्यात पडद्याचा एक कोपरा काळवंडला. हमी बारा महिन्यांची होती, आणि दुरुस्तीचा खर्च निम्म्या किमतीहून अधिक निघाला. मी कलाशाखेची पदवीधर. परंतु त्या प्रसंगाने मला विज्ञानाच्या शिक्षकांजवळ बसून हा विषय समजून घेणे भाग पाडले. जे समजले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

संच ही केवळ करमणुकीची वस्तू आहे, असे म्हणून हा प्रश्न बाजूस सारता येत नाही. २०२० साली साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा १ सप्टेंबरपासून तेलंगणात शाळेचे पाठ दूरदर्शनच्या यादगिरी वाहिनीवरून व टी-सॅटवरून दाखविण्यात आले. त्या दिवसांत घरचा संच हाच फळा झाला होता. फळ्यावरील अक्षर वाचता येत नसेल तर तो फळा काय कामाचा?

चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

आपल्या आया-बहिणी अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके जितके अधिक आणि जितके जवळजवळ, तितकी नक्षी बारीक साधते. दूरचित्रवाणीचे चित्र नेमके याच रीतीने तयार होते. आज ज्याला आपण एलईडी संच म्हणतो, त्यात मागे पांढऱ्या प्रकाशाचे दिवे असतात आणि पुढे द्रव-स्फटिकांची अतिसूक्ष्म झडपे. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात. झडप कमी-अधिक उघडते तसा त्या भागातून प्रकाश येतो आणि तिघांच्या मिश्रणातून रंग दिसतो. म्हणजे एलईडी हे नाव मागच्या दिव्यांचे आहे, चित्राचे नव्हे.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला. १९८२ साली रंग आले. आणि २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दूरदर्शनने उच्च-स्पष्टतेचे, म्हणजे एचडी प्रक्षेपण केले. जुन्या साध्या प्रक्षेपणात चित्राच्या ५७६ ओळी असतात आणि ठिपके सुमारे ४ लाख. एचडीच्या पहिल्या पायरीस ७२० ओळी लागतात. बाजारातील पुष्कळशा ३२ इंची 'एचडी रेडी' संचांत प्रत्यक्षात ७६८ ओळी व सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. 'फुल एचडी' म्हणजे १०८० ओळी, ठिपके सुमारे २१ लाख. 'फोर-के' म्हणजे २१६० ओळी, ठिपके सुमारे ८३ लाख. हे आकडे ऐकून सर्वांत मोठा तो सर्वांत चांगला असे मनात येते. पण येथेच थांबावे. कारण चित्र पाहणारा डोळा आहे, आणि डोळ्याला मर्यादा आहे.

एक सोपा प्रयोग

एक आलेख-कागद घ्या. त्यावर एक मिलिमीटर रुंदीची पट्टी काळी, त्यापुढची तितकीच कोरी, पुन्हा काळी, अशी दहा-पंधरा पट्ट्यांची जाळी करा. कागद भिंतीला लावून हळूहळू मागे सरका. साधारण साडेतीन मीटर अंतरावर निरोगी डोळ्यालाही त्या पट्ट्या वेगळ्या दिसेनाशा होतात आणि सगळा करडा रंग भासतो. पट्टी नाहीशी झाली नाही. आपल्या डोळ्याने ती वेगळी ओळखणे सोडले.

संचाच्या ठिपक्यांचेही हेच. ३२ इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटीमीटर असते. तीत ७६८ ओळी बसविल्या, तर सुमारे पावणेसहा फुटांपलीकडून त्या ओळी वेगळ्या दिसत नाहीत. त्याच पडद्यावर १०८० ओळींचा लाभ घ्यावयाचा तर सव्वाचार फुटांवर बसावे लागेल. ४३ इंची फुल एचडी संचासाठी हे अंतर साडेपाच फुटांचे होते; आणि त्याच आकाराचा फोर-के संच घेतला, तर त्याची सारी बारकाई दिसण्यास पावणेतीन फुटांवर बसावे लागते. आपल्या घरांत भिंतीपासून सतरंजीपर्यंत सहसा सात-आठ फूट असतात. तेव्हा इतक्या अंतरावरून पाहणाऱ्याने त्या आकाराच्या फोर-केसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे दिसत नसलेल्या ठिपक्यांचे मोल देणे होय.

चित्र येते कोठून?

माझ्या आईला पुसट चेहरे का दिसले, याचे उत्तर येथे आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक वाहिन्या साध्या, ५७६ ओळींच्या होत्या. संचात ठिपके कितीही असोत, पाठविलेले चित्रच कमी ओळींचे असेल तर संच मधल्या जागा अंदाजाने भरतो. ५७६ ओळींचे चित्र ३२ इंची पडद्यावर पावणेआठ फुटांवरून नीट दिसते. परंतु ४३ इंची पडद्यावर तोच भोंगळपणा सुमारे साडेदहा फुटांपर्यंत डोळ्यांत खुपतो. आमची खोली आठ फुटांची! आड लहान आणि पोहरा मोठा, अशी ती गत झाली.

म्हणून संच निवडण्याआधी हे विचारावे: आपल्या घरी चित्र कोठून येणार? दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या सेवेला मासिक वर्गणी नाही. एकदा छत्री व पेटी घेतली की झाले. तिच्यावर सह्याद्री वाहिनी मिळते, तशी यादगिरीही मिळते. आपल्यासारख्या, घरात मराठी व बाजारात तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांस ही मोठीच सोय आहे. मात्र तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या असतात. वर्गणीची सेवा घेतल्यास एचडी वाहिन्या मिळतात. पण त्यांचे शुल्क सहसा अधिक असते, आणि येथील तयार संचांत तेलुगू वाहिन्या प्रमुख असल्याने मराठी वाहिन्या अनेकदा वेगळ्या निवडून घ्याव्या लागतात. मोबाइलच्या जाळ्यावरून पाहावयाचे तर गावात त्याचा वेग किती टिकतो, हे संध्याकाळी, सर्वजण वापरीत असताना, पाहून घ्यावे.

पैशांची वाटणी

पंधरा हजारांची मर्यादा असेल, तर पंधरा हजारांचा संच पाहू नये. छत्री, पेटी, तारा, भिंतीवरील कड्या आणि पहिल्या वर्षाची वर्गणी यांसाठी दोन-तीन हजार आधीच बाजूस काढावे आणि उरलेल्या रकमेत संच बसवावा. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही १८ टक्केच झाला. त्यामुळे दोहोंतील दरी काहीशी कमी झाली आहे, आणि म्हणूनच मोहही वाढला आहे. माझे मत असे, की मर्यादित रकमेत मोठ्या आकाराचा हलका संच घेण्यापेक्षा लहान आकाराचा भरवशाचा संच बरा. घरातील वृद्धांना अक्षरे वाचणे जड जात असेल आणि चित्र एचडी वाहिन्यांवरून येणार असेल, तर मात्र वर्षभर थांबून ४३ इंची फुल एचडी संच घेणे योग्य. थांबणे हीसुद्धा एक प्रकारची खरेदीच आहे.

'स्मार्ट' या शब्दाचेही तसेच. संचातील संगणक काही वर्षांत मंदावतो व नव्या आवृत्त्या येणे थांबते. पडदा मात्र त्यानंतरही चालतो. तेव्हा चांगला पडदा आधी पाहावा. स्मार्टपणा पुढे एचडीएमआय खोबणीत एक लहानशी कांडी लावूनही आणता येतो. त्यासाठी अशा निदान दोन खोबण्या असाव्यात. जुनी पेटी वापरावयाची असेल, तर तिच्या तीन रंगी तारांची जागा संचाला आहे की नाही, हेही पाहावे.

दुकानात गेल्यावर

दुकानात सर्व संचांवर एकच झगमगीत चित्रफीत चालू असते. तिच्यावरून काहीच कळत नाही. दुकानदारास नम्रपणे विनंती करून साधी बातम्यांची वाहिनी लावावयास सांगावी आणि घरच्या अंतराइतके मागे उभे राहावे. मग खाली बसून व बाजूला सरकून पाहावे. आपण जमिनीवर बसणारी माणसे. काही पडद्यांचे रंग खालून किंवा बाजूने पाहिल्यास उडालेले दिसतात. त्याच कारणास्तव संच देवघराच्या वर टांगू नये. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ असावा. पूर्ण पांढरे व पूर्ण काळे चित्र लावून डाग किंवा मेलेला ठिपका नाही ना, हे तपासावे. डोळे मिटून आवाजही ऐकावा. पातळ संचांत ध्वनिवर्धक लहान असल्याने शब्द पुष्कळदा दबतात.

मागील पट्टीवर किती वॅट वीज लागते ते छापलेले असते. ५० वॅटचा संच रोज ४ तास चालला, तर महिन्यास ६ युनिटे होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित चिन्ह व भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहावी. वीज कमी-जास्त होणाऱ्या गावात संच किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, हे वाचून घ्यावे. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली, की संचाची तार आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवण्याची सवय मुलांनी घरात लावावी.

सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आग्रहाने सांगावयाचे ते हमीविषयी. दुरुस्ती केंद्र आदिलाबादेस आहे, की नांदेडला वा हैदराबादला जावे लागेल? कारागीर गावात येईल काय? हमीत पडदा धरला आहे काय, आणि किती महिने? ही उत्तरे तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावी. पक्की पावती हीच पुढे आपली साक्षीदार. तक्रार निर्माण झाली तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. घरातील जुना पेटीवजा संच मात्र फोडू नये वा भंगारात तोडावयास देऊ नये. त्याच्या काचेत शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा संकलनासच द्यावा.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांबरोबर अखेर मी स्वतः दुकानात गेले. दुकानदाराने मोठा पडदा दाखविला, तेव्हा त्यांची नजर क्षणभर त्यावर खिळली. मलाही ते समजत होते, कारण माझीही तशीच खिळली होती. मग मुलाने खिशातून मोजपट्टी काढली. घरचे अंतर त्याने आदल्या रात्रीच मोजून वहीत लिहिले होते: साडेसात फूट. त्याने दुकानात तेवढे अंतर मोजले, वडिलांना तेथे खाली बसविले आणि म्हणाला, "आता सांगा, कोणते नीट दिसते ते." त्यांनी ३२ इंची संचाकडे बोट दाखविले. छत्री-पेटीसह सारा खर्च पंधरा हजारांच्या आत बसला, आणि उरलेल्या पैशांतून मुलाचा गणिताचा संदर्भग्रंथ आला.

विद्यार्थिमित्रहो, अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यात मी एवढीच भर घालीन, की अंथरूण आधी मोजून घ्यावे. ज्याने मोजले त्याला मन मारावे लागत नाही. आपल्याला काय हवे आहे, हेच त्याला नीट कळते.