निक ड्रेक : उशिरा ऐकू आलेला गळा

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले, तेव्हा रंगूनमधील अनेक इंग्रज कुटुंबांना हिंदुस्थानची वाट धरावी लागली. त्यांत मॉली ड्रेक आणि नॅन्सी या दोघी बहिणी होत्या. दिल्लीस आश्रय मिळाल्यावर त्या ‘लॉइड सिस्टर्स’ या नावाने ऑल इंडिया रेडिओवरून जोडीने गाऊ लागल्या. मॉलीबाईंचे पती रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये एंजिनीयर होते. युद्ध संपल्यावर हे जोडपे पुन्हा रंगूनला गेले आणि तेथे १९ जून १९४८ रोजी त्यांना मुलगा झाला. हयातीत ज्याला फार थोड्यांनी ऐकले आणि मृत्यूनंतर पाव शतकाने ज्याचा आवाज घरोघर पोहोचला, तो गायक निक ड्रेक तो हाच.

निक वाढला इंग्लंडात, वॉरिकशायरमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात. पुढे केंब्रिजला तो इंग्रजी वाङ्मय शिकत असता ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या नामांकित वाद्यवृंदाच्या ॲशली हचिंग्ज यांनी त्याला लंडनमध्ये ऐकले आणि त्याचे नाव निर्माते जो बॉइड यांच्या कानावर घातले. बॉइड यांना त्या आवाजाचे मोल तत्काळ कळले. १९६९ साली ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ ही पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, १९७१ मध्ये ‘ब्रायटर लेटर’ आणि १९७२ मध्ये ‘पिंक मून’. तीन तबकड्या, आणि कारकीर्द संपली. प्रत्येकीच्या त्या वेळी पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत, असे सांगतात.

एवढ्या गुणी कलावंताकडे लोकांचे लक्ष का गेले नाही, याचे एक कारण त्याच्या वाद्यातच दडलेले आहे. गिटारच्या सहा तारा लावण्याची एक रूढ पद्धत असते. बहुतेक वादक ती आयुष्यभर मोडीत नाहीत. निकने ती जवळजवळ सोडूनच दिली. ‘पिंक मून’ या गाण्यासाठी त्याने सर्वांत जाड तार चार अर्धस्वरांनी खाली उतरविली आहे, इतर तारांपैकी तीन उतरविल्या आणि एक किंचित चढविली आहे. आपल्याकडे रागानुसार तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावावी की मध्यमात, याचा विचार गायक करतो. हा इंग्रज तरुण तसाच विचार सहाही तारांच्या बाबतीत आणि गाण्यागणिक करीत असे. त्यामुळे मोकळ्या तारांचा एक अखंड गुंजारव मागे राहतो, त्यावर उजव्या हाताची बोटे घड्याळासारखी नेमकी चालतात, आणि आवाज मात्र ठेक्याच्या किंचित मागे, जणू अनिच्छेने येतो. ऐकणाऱ्याला वाटते, दोन माणसे वाजवीत आहेत. असतो एकच.

परंतु ध्वनिमुद्रणात जे वैभव, तेच रंगमंचावर संकट ठरले. दर गाण्यानंतर तारा नव्याने लावायच्या, म्हणजे मिनिटेच्या मिनिटे निघून जात. दुसरा एखादा गायक त्या वेळात चार विनोद सांगून सभा राखतो. निक मान खाली घालून खुंट्या पिळीत बसे, एक अक्षर बोलत नसे. लोक आपसांत गप्पा मारू लागत. १९७० नंतर त्याने जाहीर गाणेच सोडले. मुलाखत छापून आली ती एकच, १९७१ मधली. प्रौढ वयातील निक गाताना किंवा बोलताना दाखविणारे एकही चलच्चित्र उपलब्ध नाही. विक्रेत्याने असा माल विकावा तरी कसा?

बॉइड यांची खरी कामगिरी येथे दिसते. अमेरिकेस जाण्यापूर्वी त्यांनी आपली संस्था ‘आयलंड’ कंपनीला विकली, तेव्हा निकच्या तबकड्या कंपनीच्या यादीतून कधीही काढू नयेत, अशी अट घातली. खप नसलेला माल बाद करणे हा या धंद्याचा नित्यनियम आहे. ही अट नसती तर पुढचे काहीच घडले नसते. कारण दुकानात न मिळणारे गाणे मित्राने मित्राला सुचवून उपयोग काय?

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी, दीर्घ मानसिक आजारानंतर, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी निक आईवडिलांच्या घरी वारला. त्यानंतर काही वर्षांनी त्या घरी अनोळखी तरुण येऊ लागले. ड्रेक दांपत्य त्यांचे स्वागत करी, मुलाची खोली दाखवी, रॉडनी त्याच्या घरगुती फिती पाहुण्यांना उतरवून घेऊ देत. १९७९ मध्ये तिन्ही तबकड्यांचा संच निघाला. १९८५ साली ‘ड्रीम अकॅडमी’ या वाद्यवृंदाने आपले गाजलेले गीत त्याला अर्पण केले. आणि १९९९ मध्ये फोक्सवॅगन मोटारीच्या एका अमेरिकन जाहिरातीत, चांदण्या रात्री चार तरुण उघड्या गाडीतून जात असता, पार्श्वभागी ‘पिंक मून’ वाजले. तबकडी निघाली तेव्हा ज्या गाण्याकडे कोणी वळून पाहिले नाही, ते एका मिनिटाच्या जाहिरातीने लक्षावधींना ऐकविले. मोटार विकण्यासाठी हे गाणे वापरावे हे काही रसिकांना रुचले नाही. पण ज्यांनी ते तेथे प्रथम ऐकले, त्यांना दोष देता येत नाही.

प्रसिद्धीबरोबर एक दंतकथाही आली, आणि ती गाण्याच्या आड येते. पहिल्या तबकडीचे नाव घ्या. ‘पाचच पाने उरली’ या शब्दांत भाविकांना भविष्यवाणी दिसते, कारण त्यानंतर निक पाचच वर्षे जगला. वस्तुतः सिगारेटच्या कागदांचे पुडके संपत आले की आत तशी सूचना निघे, तेथून ते नाव उचललेले आहे. मरणोत्तर कीर्तीविषयीचे ‘फ्रूट ट्री’ हे गीतही वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने लिहिले आहे. अल्पायुषी कवींच्या कथा त्याच्या अभ्यासक्रमातच होत्या. ‘ब्रायटर लेटर’मध्ये तर ढोल, बास, पितळी वाद्ये, जॉन केल यांची साथ, असा सारा प्रसन्न थाट आहे. मरणाची छाया शोधीत बसणाऱ्याला हा थाट ऐकूच येत नाही.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘रिव्हर मॅन’पासून प्रारंभ करावा. हे गीत पाच मात्रांत बांधलेले आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात चाराचा संसार रूढ असल्यामुळे तेथील श्रोत्याला त्यात काही निसटल्यासारखे वाटते. झपतालाची सवय असलेल्या कानाला ही चाल परकी वाटू नये. हॅरी रॉबिन्सन यांनी रचलेला तंतुवाद्यांचा मेळ धुक्यासारखा हळूहळू वर येतो. त्यानंतर सलग ‘पिंक मून’ ऐकावी. ऑक्टोबर १९७१ मध्ये, दोन रात्रींत, केवळ ध्वनिमुद्रक जॉन वुड यांच्या सोबतीने ती मुद्रित झाली. तिच्यात आवाज आणि गिटार आहे, आणि शीर्षकगीतात पियानोचे थोडे सूर. सारा कारभार अर्ध्या तासाच्या आत आटोपतो.

शेवटी मॉलीबाई. त्या पियानोवर बसून स्वतःची गाणी रचीत. १९५० नंतरच्या दशकात रॉडनींनी ती घरीच फितीवर उतरविली. मॉलीबाई १९९३ मध्ये वारल्या, तोवर ती गाणी घराबाहेर फारशी गेली नव्हती. २००७ मध्ये त्यांतील दोन प्रसिद्ध झाली, २०१३ मध्ये स्वतंत्र संग्रह बाजारात आला. त्यांतील अनपेक्षित वळणाचे सूर, ओळीच्या शेवटी अर्धवट सोडलेला स्वर आणि सांगता सांगता थांबण्याची रीत ऐकली, म्हणजे मुलाने गिटारच्या तारा एवढ्या विचित्र का लावल्या याचा उलगडा होऊ लागतो. तो आईच्या पियानोतले स्वर त्या सहा तारांवर शोधीत असावा.