भिंत नसलेलं मीटर

कुंडलच्या गावठाणातलं आमचं दगडमातीचं घर जेसीबीनं दोन दिवसांत उतरवलं. ट्रॅक्टरच्या खेपा झाल्या, जागा सपाट झाली. आता पाया मारायचा तर बोअरचं पाणी हवं आणि मोटारीला वीज हवी. घर पाडण्याआधी रीतसर अर्ज देऊन मीटर काढून दिलं होतं. जोडणी ‘पीडी’ झाली होती, म्हणजे कायमची बंद. जुन्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक तेवढा हातात उरला होता.

शेजारच्या काकांनी लगेच सांगितलं, “आमच्यातनं वायर घे की.” त्यात माया होती, पण मी नको म्हटलं. बांधकामावर व्हायब्रेटर धरणारा माणूस सिमेंटच्या रबड्यात घोट्यापर्यंत उभा असतो. रस्त्यावरून आणलेली, ट्रॅक्टरच्या चाकाखाली सोललेली वायर त्याच्या पायाशी कशी जाऊ द्यायची?

बांधकामासाठी तात्पुरत्या जोडणीचा अर्ज केला. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, कोटेशन, अनामत. केंद्राच्या २०२४ च्या दुरुस्त नियमांत ग्रामीण भागासाठी नव्या जोडणीची मुदत पंधरा दिवस आहे. कागदांनी फारसं अडवलं नाही. अडलं ते जागेवर, कारण मीटर लावायला भिंतच नव्हती.

आमचे वायरमन उमेदवारीत किर्लोस्करवाडीला मोटारींवर हात बसवलेले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हापासून या पट्ट्यात मोटार-पंप जाणणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली. वायरमन आधी जागाभर फिरले. वाळूचा ट्रॅक्टर कुठून वळणार, कॉलमचे खड्डे कुठं येणार, हे विचारून घेतलं आणि विजेच्या खांबाकडच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा विटांचा खांब बांधायला लावला. पत्र्याची पेटी त्यावर बसणार होती.

तिथंच राडारोड्यातून जुन्या अर्थिंगची तार वर आलेली दिसली. त्यांनी ती दोन बोटांत धरून ओढली. हातभर तार सहज बाहेर आली. टोकाला गंजाची भुकटी होती, पुढं काहीच नव्हतं.

“दादा, ही कवाच तुटलीया. तुमचं घर इतकी वर्सं अर्थिंगबिगरच हुतं.”

मला आई आठवली. फ्रिजला हात लागला की झिणझिण्या येतात म्हणायची. मिक्सर लावताना लाकडी पाट ओढून त्यावर उभी राहायची, आणि आम्ही भावंडं तिला भित्री म्हणायचो. ती तार हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. घराच्या भिंतींना दर दिवाळीला रंग दिला, या तारेकडं मात्र कुणी एकदाही पाहिलं नव्हतं.

नवा खड्डा माझ्यासमोर खणला. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम. अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला आणि भोवती कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा असे थर दिले. मग पाणी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते, आणि ओल गेली की विजेची जमिनीत उतरायची वाट अडते. म्हणून पाइपाच्या तोंडाशी नरसाळं ठेवलं, उन्हाळ्यात पाणी घालत राहायला.

जोडणीच्या दिवशी लाइनमन आले. डीपीवरून, म्हणजे रोहित्रावरून, पुरवठा बंद केला, तरी खांबावर चढून त्यांनी आधी टेस्टर लावला. एखाद्या घरातल्या इन्व्हर्टरचा करंट उलटा लाइनवर येऊ शकतो. बंद म्हणजे बंद, असं ते धरून चालत नाहीत. चिनी मातीच्या भिंगरीवरून सर्व्हिस वायर खाली आली, मीटरला सील लागलं.

मग वायरमननी तारा जोडलेल्या होल्डरसह पिवळा बल्ब बाहेर काढला. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला, बल्ब लागला. न्यूट्रलचं टोक काढून अर्थिंगच्या तारेला लावलं. तितकाच लख्ख लागला. बल्ब एवढंच सांगतो की वाट आहे. ती किती मोकळी आहे हे पाहायला त्यांनी अर्थ टेस्टरही लावला. शेवटी आरसीसीबी बसवून तिचं टेस्ट बटण दाबलं. ठक्क. ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारं हे उपकरण बांधकामावर नसेल, तर काम सुरू करू नये असं मी आता कुणालाही सांगेन.

मोटार सुरू करायला आईला बोलावलं. ती पेटीपाशी आली आणि सवयीनं पायाखाली बघू लागली.

“काकू, आता पाट नगं,” वायरमन म्हणाले.

तिनं शेजारची सेंट्रिंगची फळी पायानं ओढली, तिच्यावर उभी राहिली आणि बटण दाबलं. पाइपातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी पडू लागलं.