काउंटरमागचा माणूस

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांकडे झुकतो. अशा दुपारी पत्र्याच्या दुकानात काय काहिली होत असेल, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. आता त्याच दुकानातल्या औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा: ३० अंशांखाली, कोरड्या जागी ठेवा. इन्सुलिनला तर २ ते ८ अंशच लागतात. कारखान्यातून चोख निघालेलं औषध फडताळात बिघडू शकतं आणि गोळीकडे बघून ते ओळखू येत नाही.

औषध सांभाळणं हे विक्रेत्याचं एक काम. दुसरं सांगण्याचं. यावल-चोपड्याकडची आई जुलाबाने मलूल झालेल्या पोरासाठी क्षारसंजीवनीची पुडी घेते. पुडीवर १ लिटर लिहिलं असेल, तर सगळी पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यातच एकदम विरघळवायची. अंदाजाने चिमूट चिमूट ग्लासात टाकली, तर प्रमाण बिघडतं. क्षार जास्त झाले तर अपायच. जोडीला झिंक, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरं करायचं. हे तिला सांगतो कोण?

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. शिरपूरला तर १९९२ पासून फार्मसीचं कॉलेज आहे. तरी कित्येकदा प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरवर मदतनीस पोरगा! २०१२ च्या सुमारास, महेश झगडे आयुक्त असताना, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने याविरुद्ध मोहीम उघडली. विक्रेत्यांच्या संघटना खवळल्या.

टांझानियात फार्मासिस्टच मोजके. तिथे २००३ मध्ये रुवुमा प्रांतात साध्या औषधविक्रेत्यांना प्रशिक्षण आणि परवाना देऊन काही ठरावीक औषधं विकू दिली. या दुकानांचं नाव ‘दुका ला दावा मुहिमु’. दुका म्हणजे दुकान, दावा म्हणजे दवा. ऐकायला अगदी घरचंच!

ती सूट आपल्याला नको, पण ते प्रशिक्षण हवं. आपल्या नियमांत १००० पर्यंत वस्तीच्या गावात पॅरासिटामॉल, बाम अशी घरगुती औषधं विनापरवाना विकता येतात. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा किराणावालाही औषधविक्रेताच. त्याला दोन दिवस तालुक्याला बोलवावं. कोणती तारीख बघायची, माल उन्हातून कुठे हलवायचा आणि कोणत्या पोराला गोळी न देता थेट दवाखान्यात पाठवायचं, एवढं तरी शिकवावं.